चपळ गाडी आणि वसईची वाट : पाव शतकाचा मागोवा

रोजच्या वापराची मोटार अंगाने चपळ असावी, पायाच्या किंचित दाबासरशी तिने उसळी घ्यावी आणि वळणावरचा तिचा कल चालकाच्या हाताला स्पष्ट कळावा, ही हौस बाळगणारी माणसे वसईच्या पट्ट्यात पूर्वीही होती. परंतु त्या हौसेला निवडीचा आधार मिळाला तो १९९८ नंतर. तत्पूर्वी मोटार म्हणजे नाव नोंदवून मुदत भरल्यावर जी पदरात पडेल ती. कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी, १,०८९ सीसीच्या इंजिनाची आणि स्टिअरिंगच्या खांबावर गिअरचा दांडा असलेली, भरवशाची खरी, पण तिच्याकडून चपळाईची अपेक्षा कोणी करीत नसे. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, तिने गाडी हलकी असू शकते हे दाखविले. आणि १९९३ च्या झेनने हलक्या गाडीला खेळकरपणाही असतो हे प्रथम शिकविले.

१९९८ पासूनची चार वर्षे मात्र वैभवाची होती. १९९८ साली होंडा सिटी आणि मित्सुबिशी लान्सर, १९९९ साली फोर्ड आयकॉन आणि २००१ साली फियाट पॅलिओ अशा एकापाठोपाठ एक मोटारी बाजारात उतरल्या. यांपैकी पॅलिओच्या १.६ जीटीएक्सचा उल्लेख मला विस्ताराने केलाच पाहिजे. पद्मिनी ज्या कुर्ल्यात जन्मली तेथेच तयार झालेल्या, सचिन तेंडुलकरच्या जाहिरातीने घरोघरी पोचलेल्या या लहानशा गाडीत सुमारे १०० अश्वशक्तीचे, सोळा व्हॉल्व्हचे इंजिन होते. तिचे अंग भारी, दारे जड, आणि सस्पेन्शन असे दणकट की खड्ड्यावरून गेल्यावर तिच्या सांगाड्यातून कुरकुर उमटत नसे. तिची पेट्रोलची भूक मोठी होती, ॲव्हरेजचे नाव काढताच खरेदीदार माघार घेई. तरीही आमच्या रस्त्यांना शोभणारी पहिली चपळ मोटार कोणती असे कोणी विचारले, तर मी तिचेच नाव घेईन.

आमच्या रस्त्यांना शोभणारी, असे म्हणण्यास कारण आहे. वसई त्या वेळी ठाणे जिल्ह्यातला एक तालुका होता. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि भोवतालची गावे एकत्र करून महानगरपालिका झाली, १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा निराळा झाला, दफ्तरे हलली, गाड्यांची पाटी एमएच-०४ वरून एमएच-४८ वर गेली. परंतु रस्त्यांचा स्वभाव पालटला नाही. पश्चिमेला निर्मळ, भुईगाव, आगाशी या गावांतून जाणारी वाट केळीच्या वाड्या आणि बावखले, म्हणजे गोड्या पाण्याची तळी, यांच्या मधून इतकी अरुंद आणि वळणावळणाची आहे की तेथे ताशी तीस किलोमीटरदेखील पुष्कळ. आणि पूर्वेला चिंचोटी, वालीव, गोखिवरे ओलांडले की अहमदाबाद महामार्गावर मालमोटारींच्या रांगेत क्षणार्धात शिरावे लागते. म्हणजे आमच्या माणसाला ताशी दोनशेचा वेग कधीच लागला नाही. वीसपासून सत्तरपर्यंतचा पिकअप आणि पोटाखालची मोकळी उंची, या दोनच गोष्टींवर त्याची निवड अडून राहिली.

अशा वेळी २००६-०७ च्या अर्थसंकल्पाने सगळा पट बदलला. लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोलचे इंजिन १,२०० सीसीच्या आत असेल तर ती लहान मोटार, अशी व्याख्या ठरवून तिच्यावरील अबकारी कर चोवीस टक्क्यांवरून सोळावर आणण्यात आला. महसुलाचा हा हुकूम एका परीने चपळ गाड्यांच्या मुळावर आला, कारण १.६ लिटरचे इंजिन लहान गाडीत घालणे आता कारखानदाराला परवडेनासे झाले. २००५ साली आलेली स्विफ्ट १.३ लिटरची होती, तीसुद्धा २०१० साली १.२ वर आली. हौशी माणसाने हळहळावे असाच तो काळ. पण त्याच अटीच्या कुंपणात राहून ताकद वाढविण्याचा मार्ग अभियंत्यांनी टर्बोचार्जरने काढला, आणि आजच्या सर्व छोट्या टर्बो गाड्या त्या कायद्याच्या संतती आहेत असे मला वाटते.

चाकणच्या कारखान्यात तयार झालेली फोक्सवॅगन पोलो २०१० साली आली. २०१३ साली तिची जीटी टीएसआय आवृत्ती निघाली, तिचे इंजिन १,१९७ सीसीचे, म्हणजे करमर्यादेच्या अगदी काठावरचे, आणि शक्ती १०५ अश्वबळाची. २०१५ साली रांजणगावहून फियाटने अबार्थ पुंतो आणली : १.४ लिटर, टर्बो, १४५ अश्वबळ, चारही चाकांना डिस्क ब्रेक. कागदावर अबार्थ कितीतरी सरस. पण मर्यादेबाहेरच्या इंजिनाचा कर तिच्या किमतीत आला, आणि १५५ मिलिमीटरची उंची घेऊन पावसाळ्यात उंच गतिरोधकांवरून जाताना गाडी खाली लागते की काय, या धास्तीने तिचा आनंद अर्धा होई. पोलोचे उत्पादन २०२२ साली थांबले, तेव्हा अनेक घरांत खरोखरीची हळहळ झाली.

येथे पाण्याविषयी सांगितल्याखेरीज पुढे जाता येत नाही. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली जाऊन गाड्या बंद पडल्या, तेव्हा रस्त्यांवरही तेच पाणी होते. अशा पाण्यात गाडी घातली आणि हवेच्या नळीवाटे पाणी सिलिंडरमध्ये शिरले, तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा अट्टहास केला की इंजिनच जाते. सर्वसाधारण विम्यात हे नुकसान बहुधा धरलेले नसते, त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. टर्बो इंजिन महागडे असल्याने हा खर्च फार जड पडतो.

दुसरी अडचण कोंडीची. वर्सोव्याच्या खाडीवरचा नवा पूल २०२३ मध्ये खुला होईपर्यंत आणि नंतर २०२४ साली महामार्गाच्या काँक्रिटीकरणात, आमच्या गाड्यांनी कितीतरी वेळ इंचाइंचाने पुढे सरकण्यात घालविला. कोरड्या दुहेरी क्लचचा स्वयंचलित गिअर अशा सरकण्यात तापतो. म्हणून २०२० साली पोलोत आलेला टॉर्क कन्व्हर्टरचा गिअर मला वेगाने कमी वाटला तरी अधिक शहाणपणाचा वाटतो.

पुढे २०२१ साली ह्युंदाई आय२० एन लाइन आणि २०२४ साली टाटा अल्ट्रोझ रेसर, या १२० अश्वबळाच्या छोट्या गाड्या आल्या. चाकणचीच व्हर्टस जीटी १५० अश्वबळाची आहे. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतील लहान पेट्रोल गाडीस अठरा टक्के व मोठीस चाळीस टक्के जीएसटी आहे. ज्याचा दिवस महामार्गावर जातो त्याने व्हर्टस घ्यावी. ज्याला वाड्यांतून घरी पोचायचे आहे त्याने हाताच्या गिअरची एन लाइन घ्यावी, असा माझा स्पष्ट कौल आहे. तरीही निर्णय करण्यापूर्वी माझी विनंती अशी की शोरूमने नेमून दिलेल्या गुळगुळीत रस्त्यावर चाचणी आटोपू नका. आषाढात, सर्व जागा भरून, संध्याकाळच्या वेळी गाडी चिंचोटीपासून वसईच्या पारनाक्यापर्यंत चालवून पाहा, आणि सही करण्यापूर्वी विम्यात इंजिन संरक्षण लिहून घेतले आहे की नाही हे स्वतः वाचा.