पाथरीचा एक शब्द

जानेवारी २०२० मध्ये औरंगाबादच्या आढावा बैठकीत तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पाथरीसाठी १०० कोटी रुपये जाहीर केले. परभणी जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावाला तेवढ्या पैशांत रस्ते, पाणी, भक्तनिवास असे पुष्कळ काही मिळण्यासारखे होते. भांडण मात्र पैशांवरून झाले नाही. पाथरीचा उल्लेख साईबाबांचे जन्मस्थान म्हणून झाला आणि पावणेतीनशे किलोमीटरवरची शिर्डी खवळली. बाबांनी स्वतःची जात, धर्म, गाव कधी सांगितले नाही, मग सरकार ते कसे ठरवणार, हा शिर्डीकरांचा सवाल होता. १९ जानेवारीला शिर्डी बंद राहिली. दुकाने, हॉटेले बंद, समाधी मंदिर तेवढे उघडे. दुसऱ्या दिवशी मुंबईत बैठक झाली. निधीला हरकत नाही, तो शब्द मागे घ्या, एवढ्यावर वाद मिटला. पण तो शिर्डीपुरता. पाथरीत लोक दुखावले ते दुखावलेच.

पाथरीचा दावा काही रातोरात उभा राहिलेला नाही. १९७०च्या दशकात अभ्यासक वि. बा. खेर यांनी गावात येऊन जुन्या घराण्यांची चौकशी केली आणि भुसारी कुटुंबाकडे बोट दाखवले. पुढे १९९९ मध्ये तिथे मंदिर झाले. १ ऑक्टोबर २०१७ रोजी तेव्हाचे राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी तर खुद्द शिर्डीच्या व्यासपीठावरून पाथरीला बाबांची जन्मभूमी म्हटले होते. २०२० मध्ये पाथरीची बाजू लावून धरण्यात बाबाजानी दुर्राणी आघाडीवर होते. मुसलमान पुढाऱ्याने साईंच्या जन्मघरासाठी झटावे यात गावाला काही वावगे वाटले नाही, आणि हे या गावाचे मोठेपण आहे.

मग ‘जन्मस्थान’ असा शब्द सरकारी कागदात येतो कसा?

आपल्याकडे तीर्थक्षेत्रांना वर्ग असतात. ‘क’ वर्गाचा दर्जा जिल्हा नियोजन समिती देते. ‘ब’ वर्गाचा प्रस्ताव मंत्रालयात ग्रामविकास विभागाकडे जातो. ग्रामपंचायतीचा ठराव, जागेचा उतारा, वर्षाकाठी येणाऱ्या भाविकांच्या संख्येचा दाखला, सगळे एकाला एक जोडून फाईल तयार होते. पण नुसत्या आकड्यांनी प्रस्ताव भरीव दिसत नाही. त्याला स्थानाचे महत्त्व लिहावे लागते. इथे टेबलावरचा माणूस गावाने सांगितले ते उतरवून घेतो. तो खोटे लिहीत नसतो. ऐकीव गोष्ट ठरावात येते, ठरावातून टिपणीत, टिपणीतून शासन निर्णयात. आणि पुढच्या प्रस्तावाला तोच शासन निर्णय पुरावा म्हणून जोडला जातो. श्रद्धेची गोष्ट अशी फिरत फिरत दफ्तराची होते, आणि दफ्तराची झाली की दुसऱ्या गावाला तिच्याविरुद्ध उभे राहणे भाग पडते.

राज्यघटनेचे २७वे कलम एखाद्या विशिष्ट धर्माच्या वाढीसाठी खास राखलेला कर देण्याची सक्ती करू देत नाही. २०११ मध्ये हज अनुदानाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की कराचा मोठा हिस्सा त्यासाठी जात असेल तरच या कलमाचा भंग होतो. यात्रेकरूंसाठी नळ आणि शौचालये बांधायला त्यामुळे अडचण नाही. ती बांधावीतच. त्यासाठी संताच्या जन्माचा दाखला देण्याची गरज नाही.

सरकारी कचेरीत श्रद्धा एरवीही असतेच. खंडेनवमीला तिथे कपाटांना, संगणकांना, जीपगाड्यांना झेंडूची फुले चढतात. पोलीस मुख्यालयांत शस्त्रपूजन होते. टेबलाच्या काचेखाली कुणाचा गजानन महाराजांचा फोटो असतो, तर शेजारच्या टेबलावर अजमेरचा. जानेवारी २०१७ मध्ये शाळा-कार्यालयांतल्या देवदेवतांच्या तसबिरी काढण्याचा आदेश निघाला आणि ओरड होताच मागे घेतला गेला. काचेखालचा फोटो ज्याचा त्याचा असतो. शासन निर्णयावर मात्र राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने सही होते, म्हणून त्यातला शब्द तोलून घ्यायला हवा.

या भागाला सरकार आणि धर्म यांचा शेजार नवा नाही. १९४८ पर्यंत परभणी निजामाच्या राज्यात होती. कचेरीची भाषा उर्दू, आठवड्याची सुट्टी शुक्रवारी, साल फसली. त्यात ५९० मिळवले की इसवी सन निघतो. धार्मिक बाबींसाठी ‘उमूर-ए-मजहबी’ नावाचे वेगळे खाते होते. देवळात पूजा आणि दर्ग्यात दिवाबत्ती चालू राहावी म्हणून दिलेल्या इनाम जमिनींना खिदमतमाश म्हणत. चौकशी होऊन हक्काचा जो कागद हाती पडे तो मुंतखब. अशा जमिनीचा वाद आला की मराठवाड्यातल्या तहसिलांत आजही जुनी उर्दू वाचणारा शोधावा लागतो. त्या राजवटीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण खिदमतमाशचा हिशेब सेवा कोणती, जमीन किती आणि कोणाकडे, एवढ्याचाच असे.

याच जिल्ह्यात गंगाखेड आहे, जनाबाईचे गाव. तिच्या जन्मगावावरून कधी बंद झाला नाही. नामदेवांच्या नरसीबाबत वाद मात्र आहे. १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा जिल्हा होईपर्यंत नरसी परभणीतच होती. नामदेव नरसीचे की पंढरपूरचे, यावर अभ्यासक अजून वाद घालतात आणि दोन्हीकडच्या दिंड्या चालू राहतात.

साईबाबांभोवती सरकारी माणसे पुष्कळ होती. नानासाहेब चांदोरकर डेप्युटी कलेक्टर, दासगणू पोलिसात, आणि गोविंद रघुनाथ दाभोलकर महसूल खात्यातले मामलेदार, पुढे मॅजिस्ट्रेट. दाभोलकरांना बाबांनी नाव दिले हेमाडपंत. मूळचा हेमाद्री पंडित म्हणजे देवगिरीच्या यादवांचा करणाधिप, राज्याच्या दफ्तराचा मुख्य आणि ‘चतुर्वर्गचिंतामणी’ या धर्मग्रंथाचा कर्ता. जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याच्या देवळांना लोक अजून हेमाडपंतीच म्हणतात. दाभोलकरांनी ‘साईसच्चरित’ लिहिले. नाव, बापाचे नाव, राहणार कुठला, हे विचारण्यात ज्याची सारी नोकरी सरली, त्या मामलेदाराने बाबांच्या जन्मगावाचा रकाना कोरा ठेवला.