दारू सुटल्यानंतरचा आधार : स्वमदत गटाची बैठक

दारूचे व्यसन हा आजार आहे आणि त्यावर उपचार होतो, हे आता बहुतेक शेतकरी बंधूंना माहीत आहे. तरीही उपचार घेऊन घरी आलेला माणूस उसाचे बिल किंवा कापसाचे पैसे हातात पडताच पुन्हा पिऊ लागतो, असा अनुभव पुष्कळ घरांना येतो. औषधाने दारू उतरते, परंतु पिण्याची ओढ पुढे कित्येक महिने टिकून राहते. या काळात स्वमदत गटाचा मोठा आधार होतो.

अशा गटांपैकी सर्वांत परिचित म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, अर्थात 'एए'. सन १९३५ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरात एक शेअर दलाल व एक शल्यचिकित्सक या दोन मद्यपींच्या भेटीतून हे काम उभे राहिले. भारतात ते १९५७ पासून चालू आहे. कॉक्रेन या संस्थेने २०२० मध्ये २७ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात दहा हजारांवर व्यक्तींचा समावेश होता. रुग्णांना पद्धतशीरपणे एएकडे वळविल्यास दारूपासून पूर्ण दूर राहण्याचे प्रमाण इतर समुपदेशन पद्धतींपेक्षा अधिक राहते, असे त्यात दिसून आले.

आधी डॉक्टर

रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू बंद करू नये. शेवटच्या घोटानंतर काही तासांत हात थरथरणे, घाम येणे, झोप न लागणे ही लक्षणे सुरू होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. त्यानंतर भ्रम होऊन माणूस असंबद्ध बडबडू लागतो. ही अवस्था जिवावर बेतू शकते. म्हणून ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयातील डॉक्टरांच्या देखरेखीखालीच दारू थांबवावी.

'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' अशा जाहिरातींच्या पुड्या घरच्यांनी चहात किंवा भाजीत कालवू नयेत. दारूशी रिअ‍ॅक्शन देणारे औषध नकळत दिले गेले आणि वर माणूस प्याला, तर रक्तदाब एकाएकी घसरून मृत्यू ओढवू शकतो. डॉक्टरही हे औषध रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच देतात.

बैठक शोधणे

केंद्र शासनाची व्यसनमुक्ती मदतवाहिनी १४४४६ व मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस १४४१६ या दोन्ही निःशुल्क आहेत. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागातही गटांची माहिती विचारावी. पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रांचे पाठपुरावा गटही महाराष्ट्रात अनेक ठिकाणी भरतात. चौकशी करताना वार, वेळ, जागा आणि बैठक मराठीत चालते का, एवढे विचारून घ्यावे. बैठक बहुधा संध्याकाळी असते. तेव्हा परतीच्या शेवटच्या एस.टी.ची वेळही पाहावी. गाडी चुकून स्टँडवर रात्र काढावी लागली, तर नवा माणूस पुढच्या आठवड्यात येत नाही.

गावात बोभाटा होईल, ही भीती सर्वांनाच असते. ती खोटी नाही. त्यासाठी आपल्या गावाऐवजी तालुक्याच्या किंवा शेजारच्या बाजारपेठेच्या गावातील गट निवडावा. बाजाराच्या दिवशी गेल्यास कोणी विचारतही नाही. अगदीच दूर पडत असेल, तर फोनवरून भरणाऱ्या बैठकाही आहेत. मात्र पहिले काही महिने तरी समोरासमोर बसणे अधिक उपयोगी पडते, असे आमचे मत आहे.

तेथे काय होते?

शाळेची खोली किंवा चर्चचा हॉल अशी साधी जागा असते. बैठक साधारण तास-दीड तास चालते. एएमध्ये प्रवेश फी नाही, आडनाव किंवा जात विचारत नाहीत. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट असते. एकेक जण आपले अनुभव सांगतो, बाकीचे मध्ये न बोलता ऐकतात. पहिल्या दिवशी नुसते बसून ऐकले तरी चालते. शेवटी ऐच्छिक वर्गणी गोळा होते. नवीन माणसाने ती दिलीच पाहिजे असे नाही. बैठकीत ईश्वराचा उल्लेख येतो, पण तो कसा मानावा हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. गळ्यात माळ घालून दारू सोडलेल्या वारकऱ्यालाही येथे अडचण येत नाही.

एका बैठकीवरून मत बनवू नये. पाच-सहा वेळा जाऊन पाहावे, न पटल्यास दुसरा गट पाहावा. कालांतराने अनेक वर्षे न प्यालेला एखादा जुना सदस्य जवळचा वाटू लागतो. त्याचा फोन नंबर घ्यावा. ओढ लागली की प्रथम त्याला फोन करावा, मग रात्रीचे बारा का वाजले असेनात.

पत्नी, आई-वडील यांच्यासाठी 'अल-अनॉन' हा स्वतंत्र गट असतो. पिणारा माणूस यायला तयार नसला तरी घरच्यांनी तेथे जावे. त्यासाठी त्याच्या परवानगीची गरज नाही.

सुगीत व गाळपाच्या हंगामात बैठका चुकतात आणि नेमका तेव्हाच हातात पैसा असतो. बिल जमा होण्याची तारीख कळताच त्या आठवड्यातील बैठक आधी ठरवून टाकावी आणि बँकेत जाताना घरातील कोणाला तरी सोबत न्यावे. रात्रीच्या पाण्याच्या पाळीला पूर्वीचे पिणारे सोबती शेतावर येत असतील, तर काही महिने भाऊ किंवा मुलगा बरोबर असावा. जवळपास गटच नसेल, तर दारू सोडू इच्छिणारे दोघे जण मिळूनही एएचा गट सुरू करू शकतात.