जुन्या कॉम्प्युटरला नवा माऊस

माऊस बिघडला की नवा आणायचा, त्यात लेख लिहिण्यासारखं काय आहे, असं तुम्ही म्हणाल. लॅपटॉपवाल्यांना तसं वाटणारच! पण लातूरला माझ्या काकांचा ट्रक-ट्रॅक्टरचा वजनकाटा आहे. तिथला कॉम्प्युटर विंडोज एक्सपीवाला. तो सहज बदलता येत नाही, कारण काट्यावरचं वजन नऊ पिनांच्या सिरीयल पोर्टमधून कॉम्प्युटरमध्ये येतं आणि हा पोर्ट आजच्या बहुतेक मशीनला नसतो. सोयाबीनच्या सीझनमध्ये त्याचा माऊस गेला, की पावती अडते आणि बाहेर रांग लागते. काकांचा नांदेडला फोन आला, "इंजिनिअर होणार ना तू? मग येताना माऊस घेऊन ये."

अशा वेळी दुकानात जाण्याआधी कॅबिनेटच्या मागे बघावं. गोल, सहा पिनांचं हिरवं सॉकेट दिसलं तर ते पीएस/२, माऊससाठी. शेजारचं जांभळं कीबोर्डचं. आयबीएमने १९८७ मध्ये पीएस/२ नावाचे कॉम्प्युटर आणले, त्यांच्यावरून हे नाव पडलं. चपटं, आयताकृती सॉकेट म्हणजे यूएसबी. एक्सपीला यूएसबी माऊस लगेच ओळखता येतो, वेगळी सीडी लागत नाही. म्हणजे यूएसबी पोर्ट रिकामा आणि चालू असेल तर प्रश्नच मिटला. काकांच्या मशीनला मात्र एका यूएसबीत बॅकअपचा पेन ड्राइव्ह आणि दुसरा पोर्ट बंद. राहिलं ते हिरवं सॉकेट.

इथे दुकानदार हमखास म्हणतो, "यूएसबीचाच न्या, हा बारका हिरवा ॲडाप्टर लावा, चालतंय की!" (ॲडाप्टरला मराठी शब्द काय, ते कॉन्व्हेंटवालीला विचारू नका.) चालेलही, पण प्रत्येक माऊसला नाही. त्या ॲडाप्टरमध्ये कसलीही चिप नसते, फक्त तारा इकडच्या तिकडे जोडलेल्या असतात. दोन्हीकडे कामाच्या तारा चारच, त्यातल्या दोन पाच व्होल्ट आणि ग्राउंडच्या. उरलेल्या दोन तारांवरची भाषा मात्र पूर्ण वेगळी. यूएसबीमध्ये कॉम्प्युटर सारखा विचारत राहतो, "हललास का?" साध्या माऊसला सेकंदाला साधारण १२५ वेळा! पीएस/२ मध्ये माऊस हलला की स्वतःच सांगतो. म्हणून ज्या माऊसच्या आतल्या चिपला दोन्ही भाषा येतात, तोच ॲडाप्टरवर चालतो. पूर्वी असे माऊस बरेच यायचे आणि ॲडाप्टर डब्यातच मिळायचा. आता सुटा ॲडाप्टर घेऊन कोणताही माऊस जोडणं म्हणजे जुगार. त्यापेक्षा मुळातच गोल पिनचा माऊस मागा. दोन गोल सॉकेट आणि यूएसबीची शेपटी असलेली डबीही मिळते, पण ती उलट कामाची आहे, जुना माऊस नव्या मशीनला लावायची.

पीएस/२ माऊस कॉम्प्युटर बंद करूनच लावायचा. चालू असताना लावला तर बहुतेक वेळा ओळखला जात नाही आणि क्वचित बोर्डावरचा पोर्टही जळतो.

बॉलवाला माऊस कुणी फुकट दिला तरी घेऊ नका. काट्यावरची धूळ बॉलबरोबर आत जाते, रोलरवर तिचा थर बसतो आणि कर्सर अडखळतो. ऑप्टिकल माऊसच्या पोटात चक्क एक छोटा कॅमेरा असतो. एलईडीच्या उजेडात तो टेबलाचे सेकंदाला हजारावर फोटो काढतो आणि दोन फोटोंमधल्या फरकावरून हालचाल ठरवतो. काचेवर त्याला काहीच दिसत नाही. काकांच्या टेबलावर काचच आहे, तेव्हा वर जुन्या कॅलेंडरचं पान टाकायचं. वायरलेसच्या मी वाटेला गेले नाही. ऐन गर्दीत सेल संपला तर शिव्या मलाच!

नवा माऊस येईपर्यंत काम थांबवायची गरज नाही. एक्सपीमध्ये डावं आल्ट, डावं शिफ्ट आणि नम लॉक एकदम दाबा आणि एंटर मारा. मग नंबरपॅडच्या कळांनी कर्सर हलतो, ५ दाबलं की क्लिक. काकांना हे फोनवरच सांगितलं. वेग बैलगाडीचा, पण पावत्या निघाल्या.