वाढीच्या वाटेवरील सोबत

मेंदूच्या तळाशी वसलेल्या, वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीतून स्रवणारे वृद्धिसंप्रेरक ज्या बालकास पुरेसे लाभत नाही, त्याची उंची समवयस्कांच्या मागे पडते. पूर्वी मृतांच्या ग्रंथींतून काढले जाणारे हे द्रव्य १९८५ पासून जैवतंत्राने सिद्ध होऊन उपचारासाठी मिळू लागले, तरी उपचाराची खरी कसोटी घरातच लागते.

बहुधा रोज रात्री निजण्यापूर्वी त्वचेखाली सुई टोचावयाची, मांडी, पोट, दंड अशी जागा बदलत राहावयाचे, औषध २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये जपावयाचे, आणि हा परिपाठ अस्थींची वाढ पुरी होईपर्यंत, म्हणजे कित्येक वर्षे, खंड न पाडता चालवावयाचा. त्यात खर्चाची तजवीज, प्रवासातील बर्फाच्या डब्याची धावपळ, लेकराचे रडणे आणि नातलगांचे टोचरे उद्गार यांचा भार एकट्या आईवर पडणे अन्यायाचे आहे.

याच जाणिवेतून अमेरिकेत १९८९ साली अशा मुलांच्या पालकांनीच ‘मॅजिक फाउंडेशन’ ही परस्पर आधाराची संस्था उभारली. कारण सुई टोचताना थरथरणाऱ्या हाताला अनुभवी हाताचाच आधार हवा असतो. म्हणून डॉक्टरांनी औषधपत्राबरोबर हाच उपचार अनुभवलेल्या दुसऱ्या कुटुंबाशी गाठ घालून द्यावी, शिक्षकांनी वर्गातील चिडवणी थांबवावी आणि आप्तांनी बालकाची उंची मोजण्याऐवजी त्याच्या आईबापांची विचारपूस करावी.