जिवावर उदार होऊन जपलेली पाने

छापा पडला की घरातले कपाट उलथे होई. शिव्यांचा भडिमार सुरू होई. मारहाणही होई, आणि त्यातून घरची बाईसुद्धा सुटत नसे. घरात रोजनिशीची चार पाने सापडली असती, तरी लिहिणाऱ्याचे मरण निश्चित होते. तरीही जर्मनीतील ड्रेस्डेन शहरात व्हिक्टर क्लेम्पेरर हे प्राध्यापक लिहीतच राहिले.

१८८१ मध्ये जन्मलेले क्लेम्पेरर हे ज्यू धर्मगुरूचे पुत्र. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. पण नाझींच्या कायद्याने ते ज्यूच ठरले. १९३५ मध्ये विद्यापीठातील नोकरी गेली. १९४० मध्ये राहते घर सोडावे लागले आणि खास ज्यूंसाठी ठरवलेल्या इमारतीत बिऱ्हाड हलवावे लागले. १९४१ मध्ये टंकलेखन यंत्र काढून घेतले गेले, छातीवर पिवळी चांदणी आली. मग ते हाताने लिहू लागले.

काय लिहीत होते ते? रोजचेच. ज्यूंना ग्रंथालय बंद, रेडिओ बंद, फुले विकत घेण्यास बंदी. १९४२ मध्ये घरात प्राणी पाळण्यासही मनाई झाली आणि या निपुत्रिक दांपत्याला आपले लाडके मांजर मारून टाकावे लागले. माणसाचे जगणे एकेका फर्मानाने कसे आक्रसत जाते, याची ही नोंद होती.

लिहिलेले लपवायचे कुठे? इथे पत्नी एव्हा पुढे आल्या. त्या ज्यू नव्हत्या. घटस्फोट घेतला असता तर त्यांचा छळ थांबला असता. पतीची रवानगी मात्र थेट मृत्यूच्या छावणीत झाली असती. एव्हा ढळल्या नाहीत. प्रवासावर बंदी पतीला होती, त्यांना नव्हती. म्हणून त्या ही पाने घेऊन जवळच्या पिर्ना गावी जात. तिथे त्यांची मैत्रीण, डॉक्टर ॲनेमारी क्योलर, ती आपल्याकडे दडवून ठेवी. पकडले गेले असते तर तिघांचेही प्राण गेले असते. शिवाय पानांत नावे असलेल्या ओळखीपाळखीच्यांवरही गंडांतर आले असते. ही टोचणी क्लेम्पेररना सतत होती.

१३ फेब्रुवारी १९४५ रोजी शहरात उरलेल्या ज्यूंना हद्दपारीच्या नोटिसा पोहोचवण्याचे काम क्लेम्पेररांवरच आले. त्याच रात्री ड्रेस्डेनवर भीषण बाँबहल्ला झाला. त्या आगडोंबात एव्हांनी चाकूने पतीच्या कोटावरची चांदणी कापून काढली आणि दोघे निसटले.

युद्धानंतर ते परतले. पाने सुखरूप होती. एव्हा १९५१ मध्ये, तर क्लेम्पेरर १९६० मध्ये वारले. १९९५ मध्ये ही रोजनिशी जर्मन भाषेत प्रसिद्ध झाली, तेव्हा ती जपणाऱ्या दोघींपैकी कोणीच हयात नव्हते. मुखपृष्ठावर नाव एकाचे आहे. पण पानापानामागे या दोन स्त्रियांचे धैर्य उभे आहे.