नगर आणि नांगर
कंबोडियातील एका रस्त्याची कथा

अंगकोरचे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेच्या पुस्तकात वाचलेले असते. ते भव्य मंदिर भारताबाहेर आहे आणि ते मुळात विष्णूचे होते, एवढ्या दोन गोष्टी लक्षात राहतात आणि त्यांच्यासोबत मनात थोडा अभिमानही उरतो. विमानाने थेट सिएम रीपला उतरून, तीन दिवसांत देवळे पाहून परतणाऱ्या प्रवाशाचा तो अभिमान बहुधा जसाच्या तसा घरी परत येतो. परंतु आपण राजधानी नॉम पेनपासून सहाव्या क्रमांकाच्या राष्ट्रीय मार्गाने, जमिनीवरून, तीनशेहून अधिक किलोमीटरांची वाट धरली, तर त्या अभिमानाच्या जागी काही निराळे येण्याचा संभव आहे. पूर्वी पुष्कळ प्रवासी थायलंडच्या बाजूने मोटारीने येत. 2025 मध्ये त्या सीमेवर दोन्ही देशांच्या सैन्यांत लढाई झाली आणि तेथील नाकी बंद पडली. म्हणून आपण पूर्वेकडूनच निघू.

सोबत एक मार्गदर्शक अवश्य घ्यावा. केवळ रस्ता दाखविण्यासाठी नव्हे, कारण रस्ता सरळच आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जे दिसते त्याचा अर्थ सांगण्यासाठी तो हवा.

नॉम पेन सोडण्यापूर्वी तेथील राष्ट्रीय संग्रहालयात तासभर थांबावे. 1920 मध्ये उघडलेल्या या लाल छपरांच्या वास्तूत प्रसात आंदेत येथील हरिहराची मूर्ती आहे. अर्धा देह विष्णूचा, अर्धा शिवाचा. हरिहरांच्या ऐक्याचे अभंग ऐकत वाढलेल्या वाचकाला ही कल्पना नवी वाटणार नाही. परंतु मूर्तीकडे क्षणभर अधिक पाहिले की ध्यानात येते, हा चेहरा आपल्याकडचा नव्हे. ओठ, डोळे, मुरडलेले वस्त्र, सारे ख्मेर आहे. कल्पना समुद्र ओलांडून आली. तिला देह मिळाला तो येथील माणसांचा.

शहर मागे पडले की भातखाचरे लागतात आणि त्यांच्या बांधांवर ताडाची झाडे. हा ताड म्हणजे कंबोडियाचा राष्ट्रीय वृक्षच. उन्हाळ्यात मुंबईच्या पदपथावर ताडगोळे घेणाऱ्यांना तो वेगळा ओळखावा लागणार नाही, कारण दोन्हीकडे जात एकच आहे. मात्र येथे त्याचे मोल फळापेक्षा रसासाठी अधिक. कोरड्या ऋतूत शेतकरी झाडाला बांधलेल्या बांबूच्या शिडीने वर चढतो, फुलोऱ्याला छेद देतो आणि खाली बांबूची नळकांडी टांगतो. रोज सकाळ-संध्याकाळ ती उतरवावयाची. रस मोठ्या कढईत तासन्‌तास आटवून त्याचा गूळ करावयाचा, आणि हे आटविण्याचे काम बहुधा बायका करतात. भाताची कापणी झाल्यावर हाती पैसा आणणारा हाच जोडधंदा.

घरे खांबांवर उभी. खालच्या सावलीत माग, झोळी, बैलगाडी आणि दुपारची झोप, वर संसार. अंगणात पावसाचे पाणी साठविण्याचे मोठमोठे रांजण. गळ्यात वा डोक्याला चौकड्यांचा पंचा. त्याला ‘क्रमा’ म्हणतात. ऊन अडविणे, घाम पुसणे, मूल बांधून घेणे, बाजार आणणे, सारे त्यातच होते. 2024 मध्ये युनेस्कोने या वस्त्राची नोंद मानवी वारशाच्या यादीत केली. आपल्याकडच्या उपरण्या-पंचांना असा मान कधी मिळेल, हा विचार मनात येऊन जातो खरा.

भाषांतर हाच व्यवसाय असल्यामुळे माझे लक्ष शब्दांकडे आधी जाते. या भाषेची लिपी दक्षिण भारतातील पल्लवांच्या लिपीपासून निघाली आहे आणि अनेक शब्द संस्कृतातून गेले आहेत. शाळेला येथे ‘साला’, शिक्षकाला ‘क्रू’, म्हणजे आपले शाळा आणि गुरू. ‘प्रसात’ म्हणजे प्रासाद, ‘स्रेई’ म्हणजे स्त्री. गावाला ‘फूम’ म्हणतात, आणि लिहिताना अक्षरे ‘भूमि’चीच असतात. ‘अंगकोर’ हा शब्दही ‘नगर’ या शब्दाचेच रूप. आणि दरवर्षी वैशाखाच्या सुमारास राजाच्या उपस्थितीत पहिल्या नांगरणीचा जो सोहळा होतो त्याच्या नावात ‘नोंगकोल’ आहे, म्हणजे संस्कृत ‘लांगल’, आपला नांगर. त्या दिवशी राजबैलांपुढे भात, मका, कडधान्य, तीळ, गवत, पाणी आणि मद्य अशी सात पात्रे ठेवतात. बैल ज्यात तोंड घालतील त्यावरून वर्षाचे भाकीत करतात. नगर आणि नांगर! या देशाचा इतिहास या दोन शब्दांत बांधता येईल असे मला वाटते. मात्र पाठ्यपुस्तकांनी त्यांतील पहिलाच शब्द उचलला.

कंपोंग थोम हे जिल्ह्याचे गाव. तेथून उत्तरेला आडवाटेने सांबोर प्रेई कुक येथे जावे. सातव्या शतकाच्या प्रारंभी राजा ईशानवर्मा याची राजधानी ईशानपूर येथे होती, अंगकोर वाटच्या पाचशे वर्षे आधी. जंगलात विटांची शंभराहून अधिक देवळे विखुरली आहेत, त्यांतील काही अष्टकोनी. भिंतींवर आकाशात तरंगणारे प्रासाद कोरले आहेत. 2017 मध्ये हे स्थळ जागतिक वारसा ठरले, तरी गर्दी अद्याप फारशी नाही. झाडांतून चालताना मार्गदर्शक जमिनीतील गोल खड्डे दाखवितो. ती तळी नव्हेत. 1970 च्या सुमारास अमेरिकन विमानांनी या भागावर बाँब टाकले, त्यांच्या त्या खुणा. चौदाशे वर्षांची वीट आणि पन्नास वर्षांपूर्वीचा खड्डा एकाच सावलीत!

येथे ते दुसरे प्रकरण सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. 17 एप्रिल 1975 रोजी ख्मेर रूज पक्षाच्या सैन्याने नॉम पेन घेतले आणि काही दिवसांतच सारे शहर रिकामे केले. पैसा रद्द झाला, शाळा बंद झाल्या, भिक्षूंची चीवरे उतरविली गेली आणि साऱ्या देशाला शेतावर जुंपले गेले. दर हेक्टरी तीन टन भात पिकविण्याचा हुकूम निघाला. जो नांगर या भूमीत हजारो वर्षे अन्न देत होता, तोच शिक्षेचे साधन झाला. 7 जानेवारी 1979 रोजी ती राजवट कोसळेपर्यंत उपासमार, रोग, श्रम आणि हत्या यांनी सुमारे सतरा लाख माणसे गेली असावीत असा अंदाज आहे. शिकलेले आणि कलावंत यांच्यावर विशेष रोष होता. नृत्याच्या मुद्रा, रामकथेच्या चामडी छायाबाहुल्या, रेशमाची बांधणी, ही सारी विद्या तोंडी चालत आलेली. गुरू गेला की विद्याही गेली. जे मोजके वाचले त्यांनी निर्वासितांच्या छावण्यांत मुलांना पुन्हा धडे दिले. आज राजधानीत जे नृत्य आपण पाहतो ते त्या धाग्यावर उभे आहे. साठी ओलांडलेल्या मार्गदर्शकाला या वर्षांविषयी आपण होऊन विचारू नये. त्याला सांगावेसे वाटले तर तो सांगेल, आणि तेव्हा ऐकावे.

पुढे कंपोंग क्देई येथे जुना पूल लागतो. सातव्या जयवर्म्याच्या काळचा, बाराव्या शतकाच्या अखेरचा, सुमारे 85 मीटर लांब, वीसहून अधिक चिंचोळ्या कमानी, आणि दोन्ही कठड्यांच्या टोकांना फणा काढलेले नाग. दगड जांभा. कोकणातील वाचकाने त्यावर हात ठेवला तर तो घरचाच वाटेल. शतकानुशतके या पुलाने वाहतूक पेलली. आता जड गाड्यांना बाजूने वाट काढून दिली आहे. हा पूल काही एकटा नव्हता. याच राजाच्या 1191 च्या संस्कृत शिलालेखात रस्त्यांवरील 121 विश्रामगृहांचा उल्लेख आहे. त्यांपैकी 57 चंपा देशाच्या वाटेवर आणि 17 आजच्या थायलंडमधील पिमाईच्या वाटेवर होती. 1186 च्या लेखात राज्यातील 102 आरोग्यशाळांची नोंद आहे. देवळांच्या उंचीपेक्षा या आकड्यांनी त्या राजाविषयी मला अधिक आदर वाटला, हे कबूल करावयास हवे.

तो 1186 चा लेख ता प्रोम या मठातील. ‘ता’ म्हणजे आजोबा, ‘प्रोम’ म्हणजे ब्रह्मा. राजाने आईच्या स्मरणार्थ बांधलेल्या या वास्तूवर आज प्रचंड वृक्षांची मुळे बसली आहेत. त्यांची छायाचित्रे आपण पाहिली असतीलच. लेख सांगतो की, या एका मठाच्या सेवेसाठी 3,140 गावे आणि 79,365 माणसे नेमली होती. म्हणजे एका नगरामागे किती नांगर चालत होते, याचा हिशोबच तेथे कोरून ठेवला आहे. त्या माणसांची घरे लाकडाची आणि गवताची, ती केव्हाच मातीत मिळाली. दगड फक्त देवांसाठी होता. 2012 मध्ये हेलिकॉप्टरमधून लेसर किरणांनी केलेल्या मोजणीत जंगलाखाली रस्ते, तळी आणि वस्त्यांचे चौथरे उमटले, तेव्हा त्या नाहीशा झालेल्या घरांच्या जागा प्रथम स्पष्ट दिसल्या.

ता प्रोमच्या जतनाचे काम भारतीय पुरातत्त्व खात्याने 2003-04 पासून हाती घेतले. भिंत वाचवावी तर झाड जाते आणि झाड ठेवावे तर भिंत जाते, अशी ती कसरत आहे. त्याआधी 1986 ते 1993 या काळात, देशात अशांतता असताना, याच खात्याने अंगकोर वाट येथे काम केले. त्यातील रासायनिक स्वच्छतेवर पुढे टीकाही झाली. परंतु इतर कोणी तेथे पाऊल टाकावयास तयार नसताना आपली माणसे गेली होती, हेही विसरता कामा नये.

अंगकोर वाटविषयी फार लिहीत नाही. त्यावर ग्रंथ आहेत. दुसऱ्या सूर्यवर्म्याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ते बांधविले, ते पश्चिमाभिमुख आहे आणि त्याचा खंदक सुमारे 190 मीटर रुंद आहे. सूर्योदयाच्या गर्दीत उभे राहण्याऐवजी दुपारी दालनांतून फिरावे. कुरुक्षेत्र, लंकेचे युद्ध, जवळजवळ पन्नास मीटर लांबीचे समुद्रमंथन. यमाच्या दरबारात चित्रगुप्तही आपले काम चोख करीत आहे. मंदिर पुढे बौद्ध झाले आणि पूजा कधी पुरती थांबली नाही. आजही भगव्या चीवरांतील भिक्षू येथे दिसतात. त्यांच्यापैकी कोणालाही आपण परक्याचे घर सांभाळीत आहोत असे वाटत नाही. ‘हे आमचे’ असे म्हणण्याची उबळ आपल्याला जेथे सर्वांत जास्त येते तेथेच ती आवरावी, असे मी सुचवीन.

बांते स्रेईलाही तसेच होते. 967 मध्ये यज्ञवराह नावाच्या विद्वान ब्राह्मणाने उभारविलेल्या या गुलाबी वालुकाश्माच्या देवळात कैलास हलविणारा रावण आहे. वेरूळच्या कैलास लेण्यात हाच प्रसंग ज्यांनी पाहिला असेल त्यांनी दोन्ही मनाशी ठेवून पाहावेत. वेरूळचा रावण अंधारात, साऱ्या पर्वताचे ओझे घेऊन झुंजतो आहे. येथे मात्र पर्वताच्या पायऱ्यांवर ऋषी, पशुमुखी गण आणि घाबरलेली जनावरे अशी सारी वस्तीच बसली आहे. गोष्ट एकच, सांगणारे दोन.

त्या वाटेवर प्रेआ दाक गावी न्याहारी करावी. तांदळाच्या ओल्या शेवया, त्यावर माशांचा हिरवट रस्सा आणि कच्च्या भाज्या. मालवणकडच्या शिरवाळ्यांची आठवण व्हावी, फक्त तेथे रस गोड असतो.

मग बायोनच्या बाहेरच्या भिंती पाहाव्यात. युद्धे तर आहेतच. परंतु दक्षिणेच्या बाजूला शिल्पकाराने बाजार कोरला आहे. तराजू घेतलेल्या बायका, कोंबड्यांची झुंज, चुलीवरचे भांडे, बाळंतीण आणि सुईण, छपराची बैलगाडी. 1296 मध्ये येथे आलेल्या चौ ता-क्वान या चिनी प्रवाशानेही लिहून ठेवले की, येथील व्यापार बायका चालवितात. आपण सकाळीच तो बाजार पाहून आलेलो असतो!

या भिंतींच्या आसपास अजून लोकवस्ती आहे. 2022 पासून सुमारे दहा हजार कुटुंबांना वारसाक्षेत्रातून हलवून काही कोसांवरील नव्या वसाहतींत नेण्यात आले. सरकारच्या मते हे अनधिकृत वस्तीचे स्वेच्छेने झालेले स्थलांतर. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने त्याला सक्तीचे विस्थापन म्हटले आहे. दगड राखावयाचे तर गर्दी आवरावी लागते, हे खरे. परंतु बायोनच्या भिंतीवरच्या त्या बाजारातील बायका डोळ्यांपुढून जात नाहीत.

शेवटचा दिवस तोन्ले साप सरोवरासाठी ठेवावा. पावसाळ्यात मेकाँग फुगली की सरोवरातून तिच्याकडे वाहणारी नदी उलटी फिरते आणि सरोवर चार-पाच पटींनी पसरते. पाऊस सरला की प्रवाह पुन्हा वळतो. नोव्हेंबरच्या पौर्णिमेला या वळणाचा उत्सव होडीच्या शर्यतींनी साजरा होतो. त्या पुरावर मासे वाढतात आणि माशांवर देश जगतो. अलीकडे वरच्या अंगाची धरणे आणि लहरी पाऊस यांमुळे काही वर्षे हा उलटा प्रवाह उशिरा आला वा तोकडा पडला, आणि कोळ्यांच्या जाळ्यांत ते लगेच दिसले. कंपोंग फ्लुक येथे घरे उंच खांबांवर उभी आहेत. उन्हाळ्यात त्यांच्याकडे मान वर करून पाहावे लागते. पावसाळ्यात होडी थेट उंबऱ्याला लागते. सायंकाळी मुले होडीतून परतताना दिसतात. मार्गदर्शकाला विचारले, कोठून येतात ही? तो एकच शब्द बोलतो, आणि त्याचे भाषांतर करावे लागत नाही : ‘साला.’