पंधरा मिनिटं, उभ्या उभ्या

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागायच्या दोन दिवस आधी माझा मुलगा आणि सून पुण्याहून अमरावतीला आले, ते पुढं वर्षभर इथंच राहिले. मुलाचं ऑफिस माडीवर आणि सुनेचं मागच्या पडवीत थाटलं गेलं. माझं पेपरवाचनही त्याच पडवीत चालतं, त्यामुळं ऐकायचं नाही असं ठरवूनही सगळं कानावर पडायचं.

सकाळचे पावणेदहा वाजले की सूनबाई खुर्चीतून उठायची, लॅपटॉप धान्याच्या कोठीवर ठेवायची आणि उभ्यानं बोलू लागायची. काल काय केलं, आज काय करणार आणि कुठं अडलंय, एवढंच. मग दुसरं कोणी हेच सांगायचं, मग तिसरं. पंधरा मिनिटांत मंडळी आपापल्या कामाला लागलेली!

एकदा न राहवून मी विचारलं, "अगं, घरात एकटीच तर आहेस. मग उभी का राहतेस?"

"बसलं की बैठक लांबते, बाबा."

छत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला हे वाक्य किती लागलं असेल, याची कल्पना वाचकांना यावी. चहा, बिस्किटं आणि 'वरून आलेली परिपत्रकं' यांत माझ्या आयुष्याचे किती तास विरघळले, त्याचा हिशेब कोणत्याही लेजरमध्ये सापडायचा नाही.

तिच्या या पद्धतीचं नाव 'अजाइल'. शब्दाचा अर्थ चपळ. तिनं मला ती घरबांधणीच्या दाखल्यानं समजावली. जुन्या रीतीनं सॉफ्टवेअर करायचं म्हणजे आधी सगळा नकाशा काढायचा, दोन वर्षं बांधकाम करायचं आणि घरमालकाला थेट वास्तुशांतीच्या दिवशी आत न्यायचं. तेव्हा तो म्हणणार, स्वयंपाकघर भलतीकडेच झालं! नव्या रीतीत एक खोली बांधायची, मालकाला दाखवायची, त्याचं ऐकायचं, मग पुढची खोली. दर पंधरवड्याला काहीतरी चालतंबोलतं दाखवायचंच. पंधरवडा संपला की सगळ्यांनी बसून आपलं काय चुकलं हेही बोलायचं. विटांच्या घरात हे परवडत नाही. सॉफ्टवेअरच्या भिंती मात्र हलवता येतात.

कादंबऱ्या लिहिणाऱ्याला यात नवल वाटायचं कारण नव्हतं. प्रत्येक प्रकरण लिहून झालं की मी ते बायकोला वाचून दाखवतो. तिसऱ्या पानावर तिनं जांभई दिली, की ते पान गेलंच म्हणून समजा.

या विचाराची मुळं जुनी आहेत. १९८६ साली ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी अभ्यासकांनी नवी वस्तू घडवणाऱ्या गटांना रग्बीच्या संघाची उपमा दिली. चेंडू एकमेकांकडे देत सगळा संघ एकत्रच पुढं सरकतो, तसं काम व्हावं. पुढं फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या स्नोबर्ड या बर्फाळ डोंगरगावी सतरा सॉफ्टवेअरवाले जमले आणि त्यांनी एक छोटासा जाहीरनामा काढला. कागदपत्रांपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर मोलाचं, आणि ठरलेल्या योजनेला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला सामोरं जाणं मोलाचं, असा त्याचा आशय. सात-आठ जणांच्या गटांत ही रीत छान रुजली.

मग मोठ्या मंडळींना वाटलं, सात जणांना जमतं तर सात हजारांना का जमू नये? २०११ साली डीन लेफिंगवेल यांनी त्यासाठी 'सेफ' नावाचा आराखडा मांडला. त्यात पन्नास ते सव्वाशे लोकांची एक 'गाडी' करतात. गाडी वेळेवर सुटणार. ज्याचं काम तयार नसेल त्यानं पुढच्या गाडीनं यावं. आठ ते बारा आठवड्यांनी सगळे प्रवासी एकत्र बसून पुढचा प्रवास ठरवतात. नेदरलँड्सच्या आयएनजी बँकेनं २०१५ मध्ये मुख्यालयातले सुमारे साडेतीन हजार लोक नऊ-नऊ जणांच्या साडेतीनशे गटांत विभागले. मार्केटिंगवाला आणि संगणकवाला एकाच टेबलाशी आले. त्यासाठी लोकांना आपल्या जुन्या खुर्च्या सोडून नव्यानं अर्ज करावे लागले. आपल्याकडे मुंबईत मुख्यालय असलेल्या टीसीएसनं २०२० पर्यंत सबंध कंपनी अजाइल करण्याचं उद्दिष्ट जाहीर केलं होतं. कर्मचारी चार लाखांच्या घरात! अमरावती शहराच्या निम्म्याहून जास्त माणसं एका चालीनं चालवायची म्हणा ना.

सुनेच्या कंपनीतही हे वारं आलं. एका संध्याकाळी पन्ह्याचा पेला हातात घेऊन ती म्हणाली, "बाबा, आम्ही सात जण होतो तेव्हा मजा होती. आता हिशेब खात्यापासून भरती खात्यापर्यंत सगळेच रोज सकाळी उभे राहतात. प्रत्येक गटाचा तक्ता वरपर्यंत दिसतो. 'अडलंय' म्हटलं की तक्त्यावर लाल खूण पडते. महिन्याच्या शेवटी लाल खुणा मोजतात."

"मग?"

"मग काय, कोणाचंच काही अडत नाही."

ती हसली. मला हसू आलं नाही. मला २००६ सालचा अकोला जिल्हा आठवला.

त्या वर्षी मी अकोला जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. सोमवारी पहाटे बडनेऱ्याहून पॅसेंजर पकडायची आणि शनिवारी परतायचं. बँकांमध्ये तेव्हा कोअर बँकिंगची धामधूम होती. प्रत्येक शाखेची खाती एका मध्यवर्ती संगणकावर न्यायची, म्हणजे ग्राहक शाखेचा न राहता बँकेचा होणार. कल्पना उत्तमच होती. आज तुम्ही गावातल्या खात्यातले पैसे पुण्यात काढता, ते त्या खटाटोपामुळंच.

पहिल्या काही शाखांत हे काम हळूहळू, चुका दुरुस्त करत झालं होतं. तिथं यश आल्यावर फर्मान निघालं की अमुक तारखेपर्यंत सगळ्या शाखा. सोबत रोज सकाळी आढावा बैठक घेण्याचा आदेश आणि रोज संध्याकाळी पाठवायचा प्रगतीचा तक्ता. मीही रोज दहा वाजता बैठक घेऊ लागलो. म्हणजे मी खुर्चीत बसायचो आणि बाकीचे टेबलाभोवती उभे राहायचे.

कर्जखातं सांभाळणारा क्लार्क शांत स्वभावाचा होता. एका सकाळी तो म्हणाला, "साहेब, मार्चच्या वसुली शिबिरातल्या चाळीसेक पावत्या अजून खात्यांवर चढल्या नाहीत. पैसे सस्पेन्समध्ये पडले आहेत. दोन दिवस द्या, ताळा बसवतो."

दोन दिवस माझ्याकडं नव्हते. खरं म्हणजे दिवस होते, पण तक्त्यावर आमची शाखा मागं दिसली असती. मी म्हणालो, "अडचणी सांगू नका, काम संपवा. ते नंतर पाहू." त्या संध्याकाळी मी तक्त्यात लिहिलं, 'काम पूर्ण'. अभिनंदनाचा फोन आला. तो मी आनंदानं घेतला, हेही सांगायला हवं.

जूनमध्ये मूर्तिजापूरकडचा एक कास्तकार नव्या पीककर्जासाठी आला. चार एकर कोरडवाहू वावर. संगणक म्हणाला, जुनं कर्ज थकलेलं, नवं मिळणार नाही. त्यानं धोतराच्या गाठीतून घडी घातलेली पावती काढली. "साहेब, थे पैसे मी भरले ना बाप्पा! तुमचाच शिक्का हाय."

शिक्का आमचाच होता. पण आता खातं आमच्या हातात राहिलं नव्हतं. मागच्या तारखेची नोंद करायला वरच्या ऑफिसची परवानगी हवी. पत्र गेलं, उलट पत्र आलं, पुन्हा गेलं. त्याच सुमारास, १ जुलैला, पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात अमरावती आणि अकोला दोन्ही होते. टीव्हीवर कोटींचे आकडे सरकत होते आणि हा माणूस आपली काही हजारांची पावती घेऊन माझ्या टेबलासमोर उभा होता. खातं दुरुस्त झालं तोवर पेरणी उलटून गेली होती. बियाणं त्यानं सावकाराच्या पैशानं आणलं. कोणत्या व्याजानं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

त्यात संगणकाची चूक नव्हती आणि रोजच्या बैठकीचीही नव्हती. बैठक ज्यासाठी असते, तेच मी तिच्यातून काढून घेतलं होतं. 'कुठं अडलंय' हा प्रश्न मी रोज विचारत होतो आणि त्याच्या खऱ्या उत्तराला शिक्षा देत होतो.

मोठ्या संस्थेत काहीही पसरवायचं म्हटलं, की आधी पसरतं ते दिसणारं. वेळापत्रक, तक्ते, नवी नावं एका परिपत्रकानं हजार ठिकाणी पोचतात. 'अडलंय' म्हणणाऱ्याला अभय देणं मात्र प्रत्येक साहेबानं आपल्या टेबलाशी नव्यानं करावं लागतं, आणि त्यासाठी त्याला आपलं काही सोडावं लागतं. निदान अभिनंदनाचा एक फोन.

हे अशक्य असतं असं नाही. आमच्याच जिल्ह्यातला वरुड हा संत्र्याचा तालुका, जमिनीतलं पाणी उपसून उपसून कोरडा पडत चाललेला. २०१६ साली पानी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेसाठी राज्यातून तीनच तालुके निवडले होते. वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव. पुढच्या वर्षी तीस तालुके झाले, २०१८ मध्ये पंचाहत्तर. गावातली पाच माणसं, बायकासुद्धा, चार दिवस निवासी प्रशिक्षण घ्यायची आणि परत येऊन गावाला शिकवायची. मग सुमारे पंचेचाळीस दिवस श्रमदान.

२०१८ च्या मे महिन्यात नातेवाइकांकडे वरुडला गेलो असताना एका गावात संध्याकाळी पारावर बसलो होतो. उद्या चर कुठं खणायचे, याची चर्चा चाललेली. एक बाई उठून म्हणाली, "तिकडं खाली काया दगड लागते, कुदळ चालत नाई. दुसरी जागा पाहा." पोरांनी कागद पुढं ओढला, खुणा खोडल्या आणि जागा बदलली. कोणी म्हणालं नाही, 'नंतर पाहू'. मोजमाप जमिनीवर होणार होतं. न खणलेला चर कागदावर भरून काय उपयोग?

तिथंही सगळं साधलं असं नाही. २०१९ नंतर वॉटर कप झाला नाही, आणि गाळ न काढलेले चर बुजतातच. पण तीनाचे पंचाहत्तर होताना सांगणारी बाई आणि ऐकणारा पार त्या गावात तरी शाबूत राहिले होते. आमच्या बँकेत फक्त तक्ता पुढं गेला.

तो क्लार्क मला निवृत्तीनंतर एकदा अकोला स्टेशनवर भेटला. मी त्याला म्हणालो, "त्या पावत्यांचं तुझं ऐकायला हवं होतं." तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, "साहेब, त्या दिवसापासून मी बैठकीत काही सांगनंच सोडलं होतं. तुमच्या ध्यानात नाई आलं?"

नव्हतं आलं. तक्ता हिरवा होता ना!

हे सगळं मी त्या संध्याकाळी सुनेला सांगितलं. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पावणेदहाला ती नेहमीसारखी उभी राहिली. काल काय केलं, आज काय करणार हे सांगितलं. मग म्हणाली, "आणि मी तीन दिवस अडले आहे. आधी सांगितलं नाही, आज सांगते."

मी पेपर खाली ठेवला नाही, पण वाचतही नव्हतो.

रात्री जेवताना विचारलं, "मग? पडली का लाल खूण?"

"पडली," ती भाकरी मोडत म्हणाली. "पण संध्याकाळपर्यंत आणखी तिघांची पडली."